बिनखिळ्याचे बूट

शालनच्या घरात चपलांच्या स्टँडचा सगळ्यात वरचा कप्पा एका जुन्या बुटांच्या जोडीचा आहे. बाकीच्यांनी खाली काय ती दाटी करायची. उल्हासनगर सोडून सोनिवलीच्या नव्या इमारतीत राहायला आल्यावर सुनेने एकदा ते बूट गॅलरीत, रिकाम्या कुंड्यांशेजारी नेऊन ठेवले. शालनने बूट परत जागेवर आणले आणि गॅलरीत त्या जागी सुनेच्या उंच टाचांच्या सँडल ठेवल्या. विषय संपला.

ते बूट तिच्या नवऱ्याचे आहेत असं येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं. सुदामचेच असणार, एवढे जाडजूड, घोट्याच्या वर येणारे. सुदाम सांगून सांगून कंटाळला. "अहो, मी आयुष्यभर उल्हासनगरला, कॅम्प चारला रेडिओ दुरुस्त केले. रेडिओ दुरुस्त करायला बूट लागतात का? तिचे आहेत ते."

अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाची एक कंपनी आहे. शालन तिथे झाडूवाली म्हणून लागली तेव्हा तिचा मुलगा अजून शाळेत जात नव्हता. रंग घोटायच्या खात्यात जमिनीवर थिनर सांडलेलं असायचं. ते पुसायचं, सुकलेले पापुद्रे खरवडायचे, पिंपांच्या मधली जागा झाडायची. थिनरची वाफ ठिणगीने पेट घेते, म्हणून आत लोखंड न्यायचं नाही असा नियम होता. बायकांनी पैंजण आणि जोडवी गेटवर काढून ठेवायची. जोडवी चांदीची, त्यांची कसली ठिणगी; पण बायकांच्या बाबतीत नियम करताना कुणी फार खोलात जात नाही.

पुरुष कामगारांना कंपनी बूट द्यायची. कातडी, खास बनवून घेतलेले, तळाला एकही खिळा नसलेले. त्याच जमिनीवर, त्याच थिनरमध्ये बायका अनवाणी. रबरी चप्पल घालून गेलं की तासाभरात तिचा तळ विरघळून चिकट व्हायचा आणि पावलागणिक जमिनीला धरून बसायचा. म्हणून अनवाणीच. टाचांची सालं निघायची, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडायच्या. घरी आल्यावर भाताची पेज पायांवर ओतून बसायचं.

शालनने विचारलं होतं, नाही असं नाही. सुपरवायझर हिंदुराव म्हणाले, "तुम्ही ठेकेदाराची माणसं. त्याला विचारा." ठेकेदार म्हणाला, "जमीन कंपनीची, थिनर कंपनीचं. त्यांना विचारा." दोघेही एकाच टपरीवर चहा प्यायचे. तिथे मात्र त्यांचं एकमत असायचं.

मग शालनने ठरवलं, आपले बूट आपणच घ्यायचे.

कॅम्प चारला टेकचंदचं जुन्या मालाचं दुकान होतं. मुंबईत दारूखान्याला जुनी जहाजं तोडतात, तिथून निघालेला माल तो आणायचा. दोरखंड, घड्याळं, खलाशांचे कोट, आणि कोपऱ्यात बुटांचा ढीग. टेकचंद सगळ्या गिऱ्हाइकणींना 'अदी' म्हणायचा. सिंध्यांत थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. शालन रविवारी तिथे गेली ती सुदामने जळलेल्या स्पीकरमधून काढून दिलेलं लोहचुंबक मुठीत घेऊन. एकेक बूट उचलून ती चुंबक तळावरून फिरवायला लागली. टक. ठेवला. दुसरा. टक.

टेकचंद थोडा वेळ बघत राहिला. "अदी, बूट लेने आयी है के लोहा?"

"लोखंड नसलेला बूट बघतेय."

"बिना खिळ्याचा बूट म्हणजे बिना हड्डीचा माणूस. चालणार कसा?"

"तुम्ही चाला खिळ्यांवर. मला नको."

"ढूंढ, ढूंढ. मिला तो मुझे भी दिखा."

कितीतरी रविवार गेले. टेकचंदच्या बायकोला वाटायला लागलं की ही बाई काही जादूटोणा करते. मग एकदा ढिगाच्या तळाशी एक तपकिरी जोडी मिळाली आणि चुंबक तिच्या तळावरून मुकाट घसरत गेलं. टाचेला नाही, चवड्याला नाही, कुठेच धरलं नाही. शालनने तळ कपड्याने पुसला तर कडेने टाक्यांची दुहेरी रांग आणि टाचेत बारीक बारीक लाकडी मेखा दिसल्या, दात कोरायच्या काडीच्या टोकासारख्या. दोरी ओवायची भोकं पितळी. जिभेच्या आतल्या बाजूला कुठल्या तरी परक्या लिपीतला पुसट शिक्का. माप लहान; कुणा पोरगेल्या खलाशाचे असतील.

कातडं वाळक्या आमसुलासारखं कडक झालं होतं आणि वर पांढरी बुरशी. तिने घोट्याजवळ दुमडून पाहिलं. सुरकुत्या होत्या, पण आरपार भेग नव्हती. आत हात घालून टाके नखाने ओढून पाहिले. दोरा कुजलेला नव्हता. एवढं निरखणाऱ्या बाईला बूट हवेच आहेत हे टेकचंदने ओळखलं आणि भाव चढवला. शालनने बूट ढिगावर टाकले आणि पायऱ्या उतरली. त्याने गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ दिलं, मग हाक मारली.

घरी वेगळंच. सासू, रखमा, दारातच उभी. बूट बघून तिने पदर नाकाला लावला.

"हे कुठून आणलंस?"

"दुकानातून, आत्या. कामावर घालायला."

"कातडं. मेलेलं ढोर ओढायचं सोडलं तेव्हा माझ्या सासऱ्याला गावाने विहिरीवर येऊ दिलं नव्हतं. उपाशी राहिली माणसं, पण कातड्याला हात लावला नाही. दीक्षा घेतली ती काय, सुनेने तेच उचलून घरात आणावं म्हणून?"

शालनने बूट खाली ठेवले नाहीत. "ओढायचं सोडलं, आत्या. घालायचं नाही. त्याच गावात तुमच्या सासऱ्यांना पायताण घालून पाटलाच्या दारावरून जाता येत होतं का?"

रखमा आत निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी तिची एरंडेलाची बाटली बुटांशेजारी ठेवलेली होती. म्हातारी तोंडाने कबूल करणाऱ्यांपैकी नव्हती.

बूट माणसात आणायला पुष्कळ दिवस लागले. शालनने ओल्या फडक्याने बुरशी पुसली. उन्हात नाही, चुलीजवळ तर नाहीच, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते सावलीत वाळवले. मग एरंडेलात मेणबत्तीचा तुकडा वितळवून ते कोमट असताना बोटांनी चोळलं, थोडंसं, रोज. एकदम तेल पाजलं तर कातडं लोळागोळा होतं. पॉलिश कधी लावलं नाही. "पॉलिश म्हणजे पावडर," ती म्हणायची. "भूक लागलेल्या बाईला पावडर लावून काय उपयोग?" पुढे चवड्यात मुलाच्या जुन्या बनियनची चिंधी भरली आणि बूट पायात बसले.

गेटवर हिंदुरावांनी अडवलं. "हे काय? खिळे असतील त्यात."

शालनने चुंबक पुढे केलं. हिंदुरावांनी स्वतः उकिडवं बसून दोन्ही तळ तपासले. उठले, इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला.

"घाल. पण कंपनीने दिले असं कुणाला सांगत फिरू नको. बाकीच्या मागतील."

"मी कशाला सांगू? कंपनीने दिलेच नाहीत."

हे वाक्य लक्षात ठेवावं, कारण पुढे ते कंपनीच्या लक्षात राहिलं नाही.

शालनने त्या बुटांत तिथली सगळी नोकरी काढली. तळ दोनदा बदलला, दोन्ही वेळा चांभाराजवळ बसून राहिली, त्याचा हात सवयीने खिळ्यांच्या डबीकडे गेला की म्हणायची, "दादा, शिवायचं. ठोकायचं नाही." उजव्या बुटावर एकदा थिनर उडालं आणि चवड्यावर पांढरट डाग राहिला, बशीच्या टवक्यासारखा. डाव्याची घोट्याजवळची शिवण उसवली ती तिने गोधडीच्या सुईने, मेण लावलेल्या दोऱ्याने घातली. गुडघे धरल्यावर काम सोडलं. बूट सोबत आणले आणि दर महिन्याला त्यांना एरंडेल लावत राहिली. का, असं सुनेने विचारलं तर म्हणाली, "तू तुझं सर्टिफिकेट प्लास्टिकमध्ये का ठेवतेस?"

दोन हजार सात साली हिंदुराव सोनिवलीला आले. स्वतः निवृत्त झालेले, पण कंपनीच्या वाढदिवसाच्या कमिटीत होते. चहा घेतला, सुदामची चौकशी केली, आणि म्हणाले, "जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडतोय. मला तुझे बूट आठवले. काचेच्या कपाटात ठेवू. तुला आमंत्रण आहेच."

शालनला आनंद झाला, आणि तो लपवावा असं तिला वाटलं नाही. इतक्या वर्षांनी का होईना, कुणाला तरी आठवलं. तिने बूट पुसून, जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून दिले. "वर काही लावू नका," तेवढं बजावलं.

समारंभाला ती निळ्या काठाची पांढरी साडी नेसून गेली. हॉलमध्ये जुनी वजनं होती, रंगाचा पहिला डबा होता, मालकांच्या वडिलांचा फोटो होता. शेवटच्या कपाटात काळे कुळकुळीत बूट, नव्या नाड्या घातलेले. शालन पुढे गेली आणि परत आली. उजव्या चवड्यावर पॉलिशच्या खाली टवका दिसत होता. घोट्याजवळची गोधडीची शिवण तर तिच्याच हातची.

खाली पितळी पाटी होती: 'कंपनीने महिला कामगारांना दिलेले सुरक्षा बूट.'

तिने ती तीनदा वाचली. मग कार्यक्रम सांभाळणाऱ्या विक्रांत साहेबांना गाठलं. तरुण अधिकारी, टाय लावलेला, बोलायला गोड.

"साहेब, ही पाटी चुकलीय."

"काय चुकलंय, मावशी?"

"दिलेले नाहीत. मी विकत घेतलेत. उल्हासनगरला, टेकचंदच्या दुकानातून."

"अच्छा. अहो, ते जनरल वाक्य आहे."

"जनरल म्हणजे कुणाचं?"

विक्रांत हसला. "म्हणजे त्या काळात कंपनी सेफ्टीची काळजी घेत होती, एवढंच सांगायचंय. तुमचं नाव टाकू ना खाली. 'शालनताई यांच्या सौजन्याने.' चालेल?"

"सौजन्य नको. 'शालनने स्वतः विकत घेतलेले' एवढं लिहा. तिथेच ठेवा मग, मला परत नकोत."

"मावशी, हेड ऑफिसची माणसं येणारेत. ते वाचून त्यांचा गैरसमज होईल."

"गैरसमज आता होईल, साहेब. ते लिहिलंत तर समज होईल."

हिंदुराव गडबडीने मध्ये आले. "शालन, जाऊ दे. चांगल्या दिवशी कशाला?"

"तुम्हीच म्हणाला होता, कंपनीने दिले असं सांगू नको म्हणून. मी एवढी वर्षं नाही सांगितलं. आता कंपनीच सांगतेय."

हिंदुराव मालकांच्या वडिलांच्या फोटोकडे बघायला लागले. विक्रांतच्या चेहऱ्यावरचा गोडवा जरा उतरला. "बूट जुने आहेत, मावशी. आम्ही स्वतःच्या खर्चाने रिपेअर केलेत. शाल-श्रीफळ आहे तुमच्यासाठी. पाटी आता बदलता येणार नाही."

हे त्याने खुशाल म्हटलं. पितळेवर कोरलेलं खोटं बदलता येत नाही. बाईने मात्र आपलं आयुष्य त्याला जुळवून घ्यावं. तिच्या टाचांची सालं निघत होती तेव्हा ती ठेकेदाराची होती. बूट दिसायला चांगले निघाले तेव्हा ती कंपनीची महिला कामगार झाली.

शालनने कपाटाची काच सरकवली. कुलूप नव्हतं, तिथलं कुणी काही उचलेल असं कुणाच्या मनात आलं नसावं. पाहुण्यांसाठी मांडलेल्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ती बसली, चपला काढल्या, बूट घातले, नाड्या बांधल्या. चपला पिशवीत. पाटी तिने जागच्या जागी राहू दिली. "एवढी तुमची आहे," ती म्हणाली, "ती ठेवा."

आणि ती निघाली. हॉलच्या फरशीवर टक, टक, टक.

ती थांबली. एवढ्या वर्षांत त्या बुटांनी कधी आवाज केला नव्हता. तिने टाच वर करून बोट फिरवलं. गोल, गार डोकी. रिपेअर. कुणीतरी टाचांना खिळे ठोकले होते, ओळीने, नीटनेटके.

गेटकडे जायचा रस्ता रंगाच्या खात्याला लागून होता. शालन तिथेच खाली बसली, बूट काढले. पिशवीतल्या चपला काढण्याएवढाही धीर तिला राहिला नव्हता. बूट हातात घेऊन ती अनवाणी चालत सुटली, पहिल्या दिवशी गेली होती तशी.

खात्याच्या दारात रंजना झाडत होती. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून येणारी, नवी लागलेली. ठेकेदाराचीच. पायात रबरी चप्पल, तिचा तळ चिकट झालेला, दर पावलाला चर्र करत सुटणारा.

"काकी, बूट हातात का? चावतात काय?"

"चावत नाहीत गं. वाजतात." शालनने तिच्या पायांकडे पाहिलं. "तुला बूट नाही दिले?"

"मना कोण देल? ठेकेदार बोलतो कंपनीला इचार."

शालनला हसू आलं आणि त्याच वेळी कानशिलं तापली. तेच वाक्य, जसंच्या तसं. टपरीसुद्धा तीच असेल.

रंजना बुटांकडे बघत होती. "काकी, तुमचे मना द्या की. तुमाना आता काय कामाचे?"

"नाही देणार."

रंजनाचं तोंड उतरलं.

"मी दिले तर तेही कंपनीच्याच नावावर जातील. वाचता येतं तुला?"

"चौथी झाले."

"पुष्कळ झालं. हॉलमध्ये शेवटचं कपाट आहे, रिकामं. त्यात पितळेवर काय लिहिलंय ते वाच. मग बाकीच्या बायकांना घेऊन जा आणि साहेबांना विचार, दिलेले लिहिलंय, ते कुठे आहेत?"

शालन तिथून थेट कॅम्प चारच्या चांभाराकडे गेली. त्याने खिळे उपटले, भोकांत लाकडी मेखा बसवल्या. ती चुंबक घेऊन समोर बसली होती. पॉलिश उतरवायला मात्र तिला पुढे कितीतरी दिवस घासावं लागलं.

तिकडे कंपनीत रंजना आणि तिच्यासोबतच्या बायका विक्रांत साहेबांसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा हेड ऑफिसची माणसं अजून जेवत होती. त्यांच्यातल्या कुणीतरी उठून येऊन विचारलं, कसले बूट. त्याच संध्याकाळी पितळी पाटी निघाली. बदलता न येणारी पाटी उखडता मात्र येत होती. पण वाचायचं ते वाचून झालं होतं. महिन्याभरात बायकांसाठी बूट आले.

ही बातमी रंजनाने सोनिवलीला येऊन सांगितली. नवीन बूट दाखवायला पिशवीत घालून आणले होते. शालनने एक उचलला, चुंबक फिरवलं. धरलं नाही. तळाकडे पाहिलं, आत हात घातला आणि तिचा चेहरा बदलला.

"कितीचा आहे हा?"

"आठ. सगळ्यांना आठच दिलेत. साहेब बोलला, आत चिंध्या घाला." रंजनाने पाय पुढे करून दाखवला, चार नंबरचासुद्धा नीट भरला नसता. "तुमी घालायच्या ना चिंध्या, काकी? जुन्या बायका बोलल्या. कशा घालायच्या ते शिकवा."

शालनला ते येत होतं. कुठे किती कोंबायची, चालताना गोळा होऊ नये म्हणून कशी दुमडायची, सगळं. आयुष्यातली कितीतरी वर्षं तिने ते रोज सकाळी केलं होतं. तिने बूट परत पिशवीत घातला.

"नाही शिकवणार. हे उद्या परत कर."

"परत? मग तेवढेबी जातील."

"जात नाहीत. माप घेऊन जा." सुनेच्या कॅलेंडरचं सरलेलं पान तिने फाडलं, उलटं करून जमिनीवर पसरलं आणि पेन्सिल घेऊन खाली बसली. गुडघा कटकन वाजला. "ठेव पाय."

रंजनाने पाय मागे घेतला. "काकी, नको. तुमी मोठ्या. माझ्या पायाला हात नका लावू."

शालनने तिचा घोटा धरून पाय कागदावर ओढला.

"मग कोण लावणार? कंपनीने लावला असता तर मी कशाला बसले असते खाली? हलू नको. आणि बाकीच्यांनाही पाठव."